किल्ली कुणाच्या कमरेला?

(कुरुंदवाड येथे प्राध्यापिका, संशोधक विद्यार्थिनी आणि संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. विषय होता : ‘अभ्यास करणाऱ्या बायकांसाठी इंटरनेटवरची साधनं’.)



संयोजकांनी मला विषय दिला तेव्हा एक अट घातली होती. फार तांत्रिक बोलू नका, पण घरी जाऊन करता येईल असं काहीतरी सांगा. मी तसाच प्रयत्न करते. समोर बघितलं तर निम्म्या जणी महाविद्यालयात शिकवणाऱ्या आहेत आणि निम्म्या संघटनेत काम करणाऱ्या. मघाशी चहाच्या वेळी एक ताई म्हणाल्या, “हे प्राध्यापकांचं आहे, आमचं इथं काय काम?” त्यांना आधी उत्तर देते. वस्तीत जाऊन दोनशे बायकांकडून रेशनची माहिती जमवणारी, समुपदेशन केंद्रातल्या दहा वर्षांच्या नोंदी लावून ठेवणारी बाई संशोधनच करत असते. तिच्या नावापुढे डॉक्टर लागत नाही एवढंच. तेव्हा आज मी ‘अभ्यासक’ म्हणेन तेव्हा दोघींनाही म्हणते आहे.

आपल्याकडे घरात धान्याच्या कोठीची किल्ली सासूच्या कमरेला असायची. सून दिवसभर राबायची, पण शेरभर तांदूळ काढायचे तर विचारावं लागायचं. आता कोठ्या गेल्या, पण किल्ल्या राहिल्या. त्यांना आपण पासवर्ड म्हणतो. मला ठाऊक असलेल्या कितीतरी प्राध्यापिकांचा ई-मेल यजमानांनी किंवा भाच्याने काढून दिलेला आहे आणि त्याचा पासवर्ड त्यांनाच माहीत आहे. ओटीपी येतो तो यजमानांच्या मोबाइलवर. पगार बाईंचा, पदवी बाईंची, प्रबंध बाईंनी रात्री जागून लिहिलेला, आणि तो विद्यापीठाकडे पाठवायचा तर नवरा ड्युटीवरून येईपर्यंत थांबायचं! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका त्यात देशभरात शंभरात ३३ निघाल्या, पुरुष ५७. ही तफावत आपण नेहमी गरिबीच्या खात्यावर टाकतो. शिकलेल्या, कमावत्या बाईच्या हातातही किल्ली नसते तेव्हा ती कुठल्या खात्यावर टाकायची?

म्हणून सगळ्यात पहिलं साधन अगदी साधं आहे. स्वतःचा ई-मेल, स्वतःच्या नंबरवर, आणि फक्त स्वतःला माहीत असलेला पासवर्ड. त्यावर दुहेरी पडताळणीचं कुलूप. हा ई-मेल महाविद्यालयाने दिलेला नको, तुमचा खासगी हवा. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलींना हे मी मुद्दाम सांगते. तुमची नेमणूक एका सत्राची किंवा वर्षाची. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही की संस्थेचा ई-मेल बंद होतो आणि त्याबरोबर तुमचा सगळा पत्रव्यवहार, टिपणं, ड्राइव्हवर ठेवलेले पाठ जातात. नोकरी तात्पुरती आहे म्हणून तुमचं काम तात्पुरतं होत नाही. ते तुमच्याच घरात ठेवा.

आता नावाकडे वळू. आपल्या चळवळीने बाईच्या नावाबद्दल खूप लिहिलंय. लग्नानंतर आडनाव बदलावं का, मधलं नाव कुणाचं, यावर शिबिरंच्या शिबिरं झाली आहेत. त्या प्रश्नाला अभ्यासाच्या जगात एक वेगळीच धार आहे. समजा, एका मुलीने एम.ए. झाल्यावर माहेरच्या नावाने दोन निबंध छापले. लग्न झालं, नाव बदललं, पुढचे चार निबंध सासरच्या नावाने. काही घरांत अजून पहिलं नावसुद्धा बदलतात, म्हणजे काहीच शिल्लक राहिलं नाही. पुढे ती विभक्त झाली आणि माहेरच्या नावावर परत आली. शोधयंत्राच्या लेखी या तीन वेगवेगळ्या बायका झाल्या. मुलाखतीच्या समितीपुढे तिचं निम्मंच काम येतं. याच जागेसाठी आलेल्या पुरुषाचं नाव बारशापासून एकच असतं, त्याला हा प्रश्न स्वप्नातही पडत नाही. त्यात आपल्या भागात आडनावं मोजकीच. ‘पाटील एस.’ असं शोधून बघा एकदा. शिरोळ तालुक्यातल्याच निघतील ढीगभर!

यावर ‘ऑर्किड’ नावाची एक सोय २०१२ सालापासून आहे. फुलाशी तिचा काही संबंध नाही. संशोधकाला एक सोळा आकडी क्रमांक मिळतो, फुकट. तो जन्मभर तुमचा. संस्था बदला, गाव बदला, नाव बदला, क्रमांक तोच राहतो. त्या पानावर आधीची सगळी नावं लिहिता येतात, मराठीतलं नावही लिहिता येतं, आणि आजवरचं सगळं काम एका ठिकाणी आणता येतं. कोणती माहिती लोकांना दिसावी आणि कोणती दिसू नये हेही तुम्हीच ठरवायचं. म्हणजे जुनं नाव जगाला दाखवायचं नसेल तर दाखवू नका. दहा मिनिटांचं काम आहे. गूगल स्कॉलरवरही आपलं पान काढता येतं, तेही काढा. पण तिथे कुणीतरी दुसऱ्या पाटलांचे निबंध आपल्या नावावर येऊन बसतात, ते अधूनमधून काढून टाकावे लागतात. रिसर्चगेट आणि अकॅडेमिया या दोन जागा आपल्याकडे फार लोकप्रिय आहेत. त्या खासगी कंपन्या आहेत आणि रोज ई-मेल पाठवून भंडावून सोडतात. तिथे जा, पण मूळ प्रत तिथेच ठेवून निर्धास्त होऊ नका.

वाचायचं कुठून, हा आपल्यासारख्या गावातल्या अभ्यासकाचा खरा हुंदका. पुण्या-मुंबईच्या बाईला दारात ग्रंथालय असतं. इथल्या बाईला कोल्हापूरला विद्यापीठात जायचं तर एसटीने जाऊन येऊन दिवस मोडतो आणि घरी सांगावं लागतं की स्वयंपाक करून निघते. तिच्यासाठी ‘शोधगंगा’ हे फार मोठं दार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून पीएच.डी.चा प्रबंध संगणकीय प्रतीत देणं बंधनकारक झालं आणि गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते सगळे प्रबंध शोधगंगेवर ठेवतं. आपल्या शिवाजी विद्यापीठाचे प्रबंधही तिथे आहेत. पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. देवदासी प्रथा, साखर कारखानदारी, शेतमजूर बायका, कोणत्याही विषयावर तुमच्याआधी कोण काय बोलून गेलंय ते घरबसल्या बघता येतं. मार्गदर्शक सर म्हणाले, “या विषयावर काहीच झालेलं नाही” किंवा “यावर सगळं होऊन गेलंय”, तर दोन्ही विधानं तुम्ही स्वतः पडताळू शकता. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सरांवाचून माहिती मिळाली की सरांपुढचं झुकणं थोडं कमी होतं.

नियतकालिकांचा मामला मात्र अवघड आहे. परदेशी प्रकाशकांचा एकेक निबंध हजारांच्या घरात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची. पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आखलेली. आपल्या भागातली बहुतेक महाविद्यालयं खासगी अनुदानित आहेत आणि संघटना तर कुठल्याच यादीत नाहीत. अनुदानित महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटचीच ‘एन-लिस्ट’ योजना आहे. तिचा प्रवेश ग्रंथपालांमार्फत प्रत्येक शिक्षकाला स्वतंत्र मिळतो. उद्या कामावर गेल्यावर ग्रंथपालांना विचारा, आपलं महाविद्यालय त्यात आहे का, आणि माझ्या नावाचा प्रवेश कुठे आहे? पुष्कळदा तो काढलेला असतो आणि कुणी सांगितलेलंच नसतं. ‘अनपेवॉल’ नावाचं एक छोटंसं साधन संगणकाच्या ब्राउझरला जोडून ठेवा. एखादा निबंध दुसरीकडे कुठे कायदेशीरपणे मोफत ठेवला असेल तर ते तुम्हाला सांगतं. आणि काहीच जमलं नाही तर लेखिकेला सरळ पत्र लिहा. निबंधाच्या पहिल्या पानावर तिचा ई-मेल असतो. बहुतेक जणी आनंदाने प्रत पाठवतात, कारण त्यांचं लिहिलेलं कुणीतरी वाचतंय याचंच त्यांना अप्रूप असतं.

साय-हबबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. अलेक्झांड्रा एल्बाक्यान या कझाकस्तानच्या तरुणीने २०११ मध्ये ते सुरू केलं आणि प्रकाशकांच्या कुलपातले लाखो निबंध जगाला मोकळे केले. प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते भारतात बंद करण्याचा आदेश दिला. ते वापरा असं मी व्यासपीठावरून सांगणार नाही. पण जनतेच्या पैशातून झालेलं संशोधन जनतेलाच विकत घ्यावं लागतं, हा जो मूळ प्रश्न त्या मुलीने विचारला, तो न्यायालयाच्या आदेशाने सुटलेला नाही.

यापुढचं मी जरा रागाने बोलणार आहे. तुमच्यापैकी प्रत्येकीच्या मोबाइलवर हा निरोप येत असणार : ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचे नियतकालिक, तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह, शुल्क अमुक रुपये’. बढतीसाठी निबंध मोजायचे असं ठरल्यापासून हा धंदा बोकाळला. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढली. त्यानंतर ‘केअर’ नावाची नवी यादी केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. आता पारख संस्थांनी आणि शिक्षकांनीच करायची. हे लुटणारे कुणाला गाठतात? ज्या बाईला संध्याकाळी चर्चासत्रानंतर ओळखी वाढवायला थांबता येत नाही, शेवटची एसटी पकडायची असते, जिला ‘हे नियतकालिक कसं आहे हो?’ असं विचारायला कुणी ज्येष्ठ नाही, तिला. तासिकेवरची मुलगी महिन्याच्या मानधनातून हे पैसे भरते आणि वर्षभराने तिला सांगतात की हा निबंध धरता येत नाही.

पारखायचं कसं? ‘आयएसएसएन’ क्रमांक आहे म्हणून भुलू नका. तो कुठल्याही नियतकालिकाला मिळतो, वाहनाला पासिंग नंबर मिळावा तसा. गाडी चांगली आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. संपादक मंडळातली दोन नावं घ्या आणि त्या माणसांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर त्या नियतकालिकाचा उल्लेख आहे का ते बघा. मागचे दोन अंक उघडून वाचा. एकाच अंकात मत्स्यशेती, मराठी कादंबरी आणि यंत्र अभियांत्रिकी असेल तर समजा. जगभरच्या खुल्या नियतकालिकांची एक निर्देशिका आहे, ‘डोआज’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी, तिच्यात नाव शोधा. आणि सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे तुमच्या तालुक्यातल्या दहा अभ्यासक बायकांचा एक व्हॉट्सॲप गट. कुणाला असा निरोप आला की तो गटावर टाका. पुरुषांना ही माहिती चहाच्या टपरीवर आपोआप मिळते. आपली टपरी आपल्याला मांडावी लागते.

आता जपणुकीबद्दल. हे मला इथे, कृष्णा-पंचगंगेच्या काठावर उभी राहून बोलायचंच होतं. २००५, २०१९, २०२१. शिरोळ तालुक्यातल्या माणसाला या सालांचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. पाणी चढायला लागलं की आपण माणसं हलवतो, जनावरं हलवतो, धान्य वर चढवतो. कागद शेवटी. आणि कागदातही आधी सातबारा, मग मुलांचे दाखले, मग बँकेची पुस्तकं. बाईची वही कुणाच्या यादीत नसते. महिला मंडळाचं इतिवृत्त, बचत गटाची पहिली वही, परित्यक्तांच्या मोर्चाचं पत्रक, दारूबंदीच्या ठरावाच्या सह्या, कुणीतरी मोठ्या कष्टाने घेतलेल्या मुलाखतींच्या कॅसेट. संस्थानांची दप्तरं सरकारी पुराभिलेखागारात जपून ठेवतात, ते योग्यच आहे. पण उद्या कुणी मुलगी ‘शिरोळ तालुक्यातल्या स्त्रियांची चळवळ’ हा विषय घेऊन बसली तर ती काय वाचणार? वर्तमानपत्रातले पाहुण्यांच्या स्वागताचे फोटो?

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं. त्यानंतर ते पुस्तक जवळजवळ नाहीसं झालं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केलं तेव्हा आपल्या पिढीला ताराबाई भेटल्या. मधली नव्वदहून अधिक वर्षं ते पुस्तक नसल्यासारखंच होतं. कुठेतरी एखादी प्रत टिकली म्हणून हे झालं. ज्या पुस्तकांची एकही प्रत टिकली नाही त्या बायकांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. मुंबईत नीरा देसाई, सी. एस. लक्ष्मी आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी १९८८ मध्ये ‘स्पॅरो’ हे स्त्रियांच्या नोंदींचं संग्रहालय उभं केलं ते याच जाणिवेतून. प्रत्येक तालुक्याला स्पॅरो काढता येणार नाही. पण आज प्रत्येकीच्या पिशवीत एक कॅमेरा आहे.

करायचं असं. वही उजेडात ठेवायची, मोबाइलवर कागदपत्रं टिपण्याचं कुठलंही मोफत ॲप घ्यायचं, पान सपाट करून एकेक टिपायचं आणि एकच पीडीएफ करायचा. फाइलला नाव नीट द्यायचं. ‘नवीन १’, ‘फायनल फायनल’ असं नको. साल, गाव, काय आहे ते. मग ‘इंटरनेट आर्काइव्ह’ नावाचं सार्वजनिक ग्रंथालय आहे, १९९६ पासूनचं, ना नफा तत्त्वावर चालणारं. तिथे कुणालाही खातं काढून अशी कागदपत्रं मोफत ठेवता येतात. पूर कुरुंदवाडला आला तरी ती प्रत भिजत नाही. त्याच संस्थेची ‘वेबॅक मशीन’ नावाची सोय कार्यकर्त्यांनी जरूर शिकून घ्या. सरकारी संकेतस्थळावरचा अहवाल, शासन निर्णय, समितीची आकडेवारी आज दिसते आणि खातं बदललं, मंत्री बदलले की दुवा मरतो. वेबॅकमध्ये ते पान आजच्या तारखेने जतन करून ठेवता येतं. पुढे अधिकारी म्हणाले, “असा आकडा आम्ही दिलाच नव्हता”, तर दाखवायला काहीतरी असतं.

आपल्या जुन्या अंकांची आणखी एक अडचण आहे. नव्वदच्या दशकात आणि नंतरही पुष्कळ वर्षं आपण श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत अक्षरजुळणी केली. त्या फाइली आज उघडल्या तर चिन्हांची खिचडी दिसते, आणि उघडल्या तरी शोधयंत्राला त्यातलं ‘हुंडाबळी’ सापडत नाही. त्या युनिकोडमध्ये बदलून घेणारी मोफत साधनं आहेत, ती वापरा. केवळ छापील प्रत उरली असेल तर गूगल ड्राइव्हमध्ये चित्र ठेवून ते ‘डॉक्स’मध्ये उघडायचं, मराठी मजकूर बऱ्यापैकी टंकलिखित होऊन येतो. मुद्रितं मात्र वाचावी लागतात, जोडाक्षरांत गोंधळ होतो. यापुढे जे लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. ज्यांना टंकन येत नाही त्यांनी मोबाइलच्या कळफलकावरचा माइक दाबून बोलावं. आपल्या कितीतरी जुन्या कार्यकर्त्या लिहीत नाहीत, पण बोलायला लागल्या तर थांबत नाहीत!

इथे एक कडक सूचना. आपल्याकडची प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर ठेवायची नसते. समुपदेशनाच्या नोंदी, पीडितेची नावं, वैद्यकीय कागद, ज्या बाईने विश्वासाने सांगितलं तिची ध्वनिफीत, यांची जागा सार्वजनिक ग्रंथालयात नाही. त्यांची प्रत करा, कुलूपबंद करा, दोन ठिकाणी ठेवा, पण वर चढवू नका. सर्वेक्षण करताना मोबाइलवरच्या प्रश्नावलीत बाईचं नाव आणि घराचं ठिकाण खरंच लागणार आहे का, हा विचार आधी करा. ‘कोबो’ नावाचं साधन सर्वेक्षणाला चांगलं आहे, रेंज नसलेल्या शिवारातही चालतं, प्रश्न मराठीत घालता येतात. त्यात नावाचा रकाना ठेवायचा की नाही हे मात्र यंत्र ठरवत नाही.

समाजमाध्यमांबद्दल माझं मत थोडं सावध आहे, आणि ते सावधपण मी आपल्याच जिल्ह्यात शिकले. शेजारच्या हातकणंगले पोलीस ठाण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये एका काश्मिरी प्राध्यापकावर गुन्हा नोंदला गेला. कारण काय, तर कलम ३७० बाबतच्या निर्णयावर टीका करणारं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारं व्हॉट्सॲप स्टेटस. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे असं सांगितलं. निकाल चांगला लागला, पण तोवर दीड वर्षाहून अधिक काळ गेला होता. जून २०२३ मध्ये कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेच्या वर्गातल्या चर्चेचा एक तुकडा विद्यार्थ्यांनी मोबाइलवर टिपला आणि तो सगळीकडे फिरला. बलात्काऱ्याला धर्म नसतो, अशा अर्थाचं त्या बोलत होत्या. त्यांना रजेवर पाठवण्यात आलं आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. वर्ग ही शिक्षकाची सगळ्यात सुरक्षित जागा असं आपण समजत होतो. आता चार भिंतींत बोललेलं वाक्य मागचं-पुढचं तोडून संध्याकाळपर्यंत आपल्या सासरच्या गटावर येऊ शकतं.

म्हणून गप्प बसायचं का? मुळीच नाही. पण तयारीने बोलायचं. वादग्रस्त विषय शिकवायचा असेल त्या दिवशी पाठाची टिपणं तारखेसह स्वतःला ई-मेल करून ठेवा. संपूर्ण चर्चा काय होती याचा तो पुरावा असतो. खासगी आणि व्यावसायिक खाती वेगळी ठेवा. मुलांचे, घराचे फोटो ज्या खात्यावर आहेत त्यावरून राजकीय वाद घालू नका, कारण चिडलेला माणूस बाईशी मुद्द्यावर भांडत नाही, तो तिच्या घरात शिरतो.

आणि ऑक्टोबर २०१७ ची ती यादी. अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या राया सरकार यांनी फेसबुकवर भारतीय विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची नावं प्रसिद्ध केली, विद्यार्थिनींच्या लैंगिक छळाचे आरोप असलेल्यांची. तक्रारदारांची नावं नव्हती, तपशील बहुतेक ठिकाणी नव्हते. काही ज्येष्ठ स्त्रीवाद्यांनी निवेदन काढलं की ही पद्धत योग्य नाही, यादी मागे घ्या, रीतसर प्रक्रियेने जा. तरुण मुली, त्यातही दलित-बहुजन मुली उसळल्या : तुमच्या प्रक्रियेने आम्हाला आजवर काय दिलं? आपल्या चळवळीत त्या वेळी मैत्री तुटल्या, अजून काही सांधलेल्या नाहीत. मी दोन्ही बाजूंना ओळखते. माझं म्हणणं असं की समितीत सरांचे मित्रच बसलेले असतात हे ज्या मुलीने पाहिलंय, तिला प्रक्रियेचा धडा देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण यादीने तिचा प्रश्न सुटतो असंही मला दिसलेलं नाही. यादी फिरते, गाजते, आणि मुलगी त्याच विभागात त्याच सरांपुढे तोंडी परीक्षेला बसते.

तेव्हा फोनचा उपयोग पुराव्यासाठी करा. मार्गदर्शकाचे रात्री साडेअकराला येणारे निरोप पुसून टाकू नका, कितीही किळस आली तरी. नुसता स्क्रीनशॉट पुरेसा धरू नका. व्हॉट्सॲपमधून संपूर्ण संवाद बाहेर काढण्याची सोय आहे, तो काढून स्वतःच्या खासगी ई-मेलवर ठेवा आणि मूळ फोन विकू नका. असा पुरावा न्यायालयात मांडताना प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली असायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय. २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे तक्रार तीन महिन्यांत करायची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. आणि त्याच कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे तक्रारदार, आरोपी आणि चौकशीचा तपशील प्रसिद्ध करता येत नाही. आपल्याच कार्यकर्त्या सहानुभूतीपोटी अर्ज गटावर टाकतात, तिच्या नावासकट. कळवळा खरा असतो, पण त्याने तिची केस कमजोर होते.

विकिपीडियाबद्दल थोडक्यात. डॉना स्ट्रिकलंड यांना ऑक्टोबर २०१८ मध्ये पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं त्या दिवशी सकाळी त्यांच्या नावाचं इंग्रजी विकिपीडियावर पान नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात कुणीतरी मसुदा पाठवला होता, तो ‘पुरेशी दखलपात्र नाही’ म्हणून नाकारला गेला होता! मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि तो कुणालाही लिहिता येतो. आपल्या भागातल्या ज्या बायकांवर छापील लेख, पुस्तकं आहेत, त्यांची पानं लिहायला घ्या. छापील आधाराशिवाय लिहिलेलं पान टिकत नाही, म्हणून आधी लेख छापून आणावा लागतो. त्यासाठीच हे त्रैमासिक चालतं.

राहिला कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय, ज्याबद्दल सकाळपासून तिघींनी विचारलं. इंग्रजीची भीती असलेल्या मुलीला परदेशी नियतकालिकाला पत्र लिहायला, लांबलचक अहवालाचं मराठीत सार काढायला ती उपयोगी आहे, जरूर वापरा. संदर्भ मात्र तिला विचारू नका. ती नसलेलं पुस्तक, नसलेल्या लेखिकेच्या नावाने, पृष्ठक्रमांकासह सांगते, आणि इतक्या आत्मविश्वासाने की एखाद्या विभागप्रमुखाची आठवण यावी. संदर्भ आपले आपण गोळा करा आणि ‘झोटेरो’ नावाच्या मोफत साधनात साठवा, ते देवनागरी नीट सांभाळतं. समुपदेशनाच्या नोंदी त्या यंत्रात मुळीच घालू नका.

आता जेवणाची वेळ झाली. जेवणानंतर आपण खाली संगणकाच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांचा ऑर्किड क्रमांक नाही त्यांचा काढू. ई-मेलचा पासवर्ड आठवत नसेल तर घरी फोन करून विचारू नका, आपण नवाच ई-मेल काढू. शिरढोणच्या ताईंनी १९९० च्या दशकातल्या मंडळाच्या तीन वह्या आणल्या आहेत, पैकी एकीला पुराचं पाणी लागलंय, तिची पानं चिकटली आहेत. ती आधी घेऊ. ज्यांच्या मोबाइलचा कॅमेरा चांगला आहे त्यांनी त्या टेबलाशी यावं.